३०० शब्दांचा निबंध



१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे १७ वर्षांचा एक मुलगा चालवत असलेल्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन दिला. जामिनाच्या अटींपैकी एक अट अशी होती की, त्याने रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला. आपल्या चर्चच्या आवारातही मिस्सानंतर दुसरा विषय नव्हता. “दोन जिवांची किंमत ३०० शब्द?” असे एकाने विचारले. दुसऱ्याने निकालच दिला, “फादर, ही अठरा वर्षांची अटच काढून टाकली पाहिजे.”

संताप रास्त होता. ज्यांच्या घरातली कर्ती मुले गेली, त्या आईवडिलांना निबंधाची अट ही थट्टाच वाटली असणार. तरीही ‘अटच काढून टाका’ हे वाक्य आमच्या मनातून जाईना. कारण काही महिन्यांनी एक आई धर्मग्रामाच्या कार्यालयात आमच्यासमोर येऊन बसली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. अशा मुलाची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे.)

ही आई चार घरची कामे करते. तिच्या १६ वर्षांच्या मुलाने दोन मित्रांबरोबर स्टेशनच्या पुलावर एका बाईंच्या हातातला मोबाइल हिसकावला होता. झटापटीत त्या पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. मुलगा डोंगरीच्या निरीक्षणगृहात होता. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली जिथे १०१ दिवस काढले, तोच हा डोंगरीचा जुना तुरुंग. आई कामावर खाडे करून मुलुंडहून लोकलने सँडहर्स्ट रोडला जात होती. तिने मुलाला सोडवा असे म्हटले नाही. “तो धर्मशिक्षणाला येतो एवढं पत्र द्या, फादर,” इतकेच मागितले. आम्ही पत्र दिले. मुलगा बाविसाव्या दिवशी घरी आला.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहू. कायदा एकच आहे. तो सांगतो की, मुलाला जामीन देणे हा नियम आहे. सुटकेमुळे तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे असेल तरच जामीन नाकारावा. ज्याच्या घरी वकील आहे त्याला हा नियम काही तासांत लागू झाला. ज्याची आई भांडी घासते त्याला लागू व्हायला बावीस दिवस लागले. खरा अन्याय इथे आहे, असे आम्हाला वाटते. श्रीमंताच्या मुलाला दया मिळाली यापेक्षा, गरिबाच्या मुलाला तीच दया उशिरा मिळते, हे जास्त बोचायला हवे. आपण मात्र उलटी मागणी करतो. एकाला मिळाली ना, मग कोणालाच नको! अशी दया रद्द झाली तर श्रीमंताचे फारसे बिघडणार नाही. त्याच्याकडे दुसरे मार्ग असतात. डोंगरीच्या मुलाकडे ते नाहीत.

पण मुळात मुलांना वेगळा कायदा हवाच कशाला? सोळाव्या वर्षी चोरी वाईट असते हे कोणाला कळत नाही?

मराठीत याचे उत्तर तीन शब्दांत आहे: कळते, वळत नाही. भारताचा दंडविधान जुना असो की १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता असो, सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात समज किती आहे ते पाहिले जाते. आपल्या ख्रिस्तसभेचा कायदाही असाच चालतो. सातव्या वर्षी विवेकाचे वय सुरू होते असे धरून आपण मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी तयार करतो. पण १९८३ च्या धर्मसभा कायद्यानुसार १६ वर्षे पूर्ण न झालेल्याला धर्मसभेची शिक्षा होत नाही आणि १६ ते १८ या वयात ती सौम्य करावी लागते. म्हणजे चांगले-वाईट कळणे लवकर येते, पण कळलेल्याप्रमाणे स्वतःला वळवण्याचे बळ सावकाश येते. ॲरिस्टॉटलनेही तरुण भावनेच्या ओढीने चालतात असे नोंदवले आहे.

संत ऑगस्टीन यांच्याइतके हे कोणी प्रामाणिकपणे सांगितले नाही. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात ते सोळाव्या वर्षी केलेली नासपतींची चोरी आठवतात. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरी वाईट हे ठाऊक होते आणि म्हणूनच ती करण्यात मौज वाटली. पुढे ते आणखी एक गोष्ट कबूल करतात: एकटा असतो तर हे केले नसते. स्टेशनच्या पुलावर तीन मुले होती, हे इथे लक्षात घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, “फादर, नासपतींची चोरी वेगळी आणि बलात्कार, खून वेगळे.” हा आक्षेप खरा आहे, तो टाळून चालणार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले, त्यातील अल्पवयीन आरोपीला कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले. त्यानंतर झालेला २०१५ चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू झाला. अत्यंत गंभीर गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का, हे आता ठरवता येते. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तशी मागणी केली होती. बाल न्याय मंडळाने ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली. पण याही कायद्याने एक दार बंद केलेले नाही. प्रौढ म्हणून खटला चालला तरी अशा मुलाला फाशी देता येत नाही, आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही देता येत नाही.

हे दार उघडे का ठेवायचे? १९०२ च्या जुलैमध्ये इटलीत अलेस्सांद्रो सेरेनेल्ली या २० वर्षांच्या तरुणाने अकरा वर्षांच्या मारिया गोरेटीवर सुऱ्याचे वार केले. त्यापेक्षा हीन गुन्हा कोणता? तिकडे तेव्हा २१ वर्षांखालील व्यक्ती अज्ञान धरली जात असे, म्हणून त्याला जन्मठेपेऐवजी ३० वर्षांची शिक्षा झाली. पहिली काही वर्षे त्याला पश्चात्तापाचा स्पर्शही नव्हता. मग तो बदलला. २७ वर्षांनी सुटल्यावर तो मारियाच्या आईकडे गेला आणि त्याने क्षमा मागितली. मारियाने मरताना त्याला क्षमा केलीच होती, आईनेही केली. १९५० साली मारिया संत घोषित झाली. इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. २७ वर्षे ही लहान शिक्षा नव्हे, दया म्हणजे झटपट सुटका नव्हे. पण कायद्याने दार पूर्ण बंद केले असते, तर ज्या दारातून तो त्या माउलीसमोर गेला ते दार उरले नसते.

दया आणि न्याय एकमेकांचे वैरी नाहीत. दया न्यायाला मोडत नाही, पूर्ण करते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले. त्यासाठी लागते ते सत्य. प्रायश्चित्त संस्कारात आपण काय करतो? पश्चात्ताप, पापांची कबुली आणि झालेल्या नुकसानीची भरपाई. यातले काही गाळून क्षमा मागता येत नाही. पुण्याच्या प्रकरणात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आईवडिलांना आणि डॉक्टरांना अटक झाली. न्यायालय त्याचा निर्णय करील. पण असे कुठेही घडत असेल, तर त्या मुलाचे सर्वांत मोठे नुकसान मोठी माणसेच करतात. ती त्याला शिक्षेपासून वाचवायला जातात आणि सत्यापासून दूर नेतात. निबंध ३०० शब्दांचा होता हा दोष नव्हे. “हे मी केले” हे वाक्य लिहायला मुलाला कोणी शिकवले का, हा खरा प्रश्न आहे.

आता आमची स्वतःची कबुली. डोंगरीहून परतलेला तो मुलगा दृढीकरण संस्काराच्या वर्गात पुन्हा येऊ लागला, तेव्हा काही पालक आम्हाला भेटले. “आमची मुलं त्याच्या शेजारी बसतात, फादर.” त्यांची काळजी खोटी नव्हती. पण आम्ही कच खाल्ली. त्याच्या आईला म्हणालो, “या वर्षी राहू द्या, पुढच्या वर्षी बघू.” ती काही बोलली नाही. मंडळासमोर तिच्या मुलाला कोणी गुन्हेगार म्हटले नव्हते. कायदा अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो, त्याच्यावर शिक्का बसू नये म्हणून. तो शिक्का आम्ही मारला, तोही चर्चच्या कार्यालयात बसून. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ दाराबाहेर उभा राहतो. आम्ही तर दारातच आडवे झालो.

पुढे त्या मनगट मोडलेल्या बाई आम्हाला भेटल्या. त्या कॅथलिक नाहीत. मुलाला किती शिक्षा व्हावी याबद्दल त्यांना फारसे बोलायचे नव्हते. त्याने समोर येऊन सांगावे, एवढेच त्यांना हवे होते. मुलगा तीन वेळा टाळून चौथ्या वेळी आईबरोबर गेला. काय बोलणे झाले ते त्या तिघांपाशी आहे. त्यांनी त्याला लगेच माफ केले असे आम्ही सांगणार नाही. पण तो गेला.

तो यंदा दृढीकरणाच्या वर्गात आहे. ज्यांना काळजी वाटते त्या पालकांनी आमच्याशी जरूर बोलावे. त्यांच्या मुलांकडे आम्ही लक्ष देऊ, पण त्याला बाहेर काढणार नाही. आणि ज्यांना कायद्याची माहिती आहे, वकिली किंवा समाजकार्याचा अनुभव आहे, त्यांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत. पुढच्या वेळी अशी आई आली, तर तिच्या हाती नुसते पत्र देऊन तिला लोकलमध्ये बसवायचे नाही. तिच्याबरोबर कोणीतरी डोंगरीला जायला हवे.

प्रभू येशू आपणा सर्वांना न्यायाची चाड आणि दयेचे धैर्य देवो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू