मामांनी सरकवलेला पेला

नाशिकचा रस्ता आपल्या वसईकरांना नवा नाही. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेसाठी आपण कसारा घाट चढून जातोच. गेल्या हंगामात मात्र आम्ही नातेवाइकांनी मिळून वेगळीच सहल काढली. एका दिवसात दोन वायनऱ्या पाहायच्या, गंगापूर धरणाच्या परिसरात जेवायचे आणि रात्री घरी परतायचे, असा बेत होता.

माझे मामा यायला तयार नव्हते. आठ वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली आहे. त्यापूर्वी मामींनी काय सोसले, ते आम्ही सर्वांनी पाहिले आहे. पण मीच आग्रह धरला. "मामा, प्यायची कुठे सक्ती आहे? डोंगर बघा, धरण बघा, पोरांबरोबर चार घटका हसा." माझ्या शब्दाखातर ते आले.

सकाळचे ऊन कोवळे होते. तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ ओळी दूरवर गेलेल्या आणि मागे डोंगरांची निळी रांग. बायामाणसे कात्रीने घड कापून क्रेट भरत होती. वाईनची द्राक्षे बाजारातल्या द्राक्षांसारखी नसतात; लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची दुसरी छाटणी आणि मग जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी, असे वर्षभराचे कष्ट एका घडात उतरतात. आत थंड केलेल्या स्टीलच्या मोठ्या टाक्या होत्या. माहिती देणारा तरुण म्हणाला, "द्राक्ष दाबल्यावर निघतो तो नुसता गोड रस. यीस्ट त्यातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल होते."

मग आम्ही चव घ्यायच्या टेबलाशी बसलो. प्रत्येकापुढे पेला आला, तसा मामांपुढेही आला. त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला. माझ्या एका भावाने तो परत त्यांच्यापुढे ठेवला. "मामा, ही काय दारू आहे? वाईन आहे. मिस्सामध्ये फादरसुद्धा घेतात!" सगळे हसले. मीही हसलो. थोड्या वेळाने पाहतो, तर मामांची खुर्ची रिकामी. ते बाहेर क्रेटच्या राशीपाशी एकटेच बसले होते. म्हणाले, "तुमची चूक नाही रे. पण वास ओळखीचा आहे. मला इथून लवकर घेऊन चल."

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. त्या दिवशी चुकले कोण?

वाईन पिणे हेच पाप, असे म्हणून प्रश्न सुटत नाही. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने सहा रांजण भरून द्राक्षारस दिला. द्राक्षारस माणसाचे मन आनंदित करतो, असे स्तोत्रकारही मानतो. उलट, "ज्याचे त्याने पाहावे" असे म्हणूनही सुटत नाही. आणि "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे तर खरेच नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे वाक्य महाराष्ट्रभर गाजले. पण साधा हिशेब करा. दीडशे मिलिलिटर वाईनमध्ये बारा टक्के धरले तरी अठरा मिलिलिटर अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये ते तेरा मिलिलिटरच्या आसपास भरते. व्यसनातून उठलेल्या माणसाचे शरीर बाटलीवरचे नाव वाचत नाही.

संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात वेगळीच वाट दाखवली आहे. अन्न मुळात अशुद्ध नाही, हे तो मान्य करतो. पण माझ्या खाण्यापिण्याने माझा भाऊ अडखळणार असेल, तर मांस आणि द्राक्षारस सोडलेला बरा, असे तो सांगतो. म्हणजे प्रश्न "मला मुभा आहे का?" एवढाच राहत नाही. "माझ्या शेजारी कोण बसले आहे?" हेही विचारावे लागते.

भावाने फादरांचे नाव घेतले, पण ख्रिस्तसभा स्वतः काय करते ते त्याला ठाऊक नव्हते. मिस्सासाठी खरा द्राक्षारसच हवा, यावर ती ठाम आहे. तरीही एखादा धर्मगुरू मद्यासक्तीने आजारी असेल, तर बिशप त्याला 'मुस्तुम' वापरण्याची परवानगी देऊ शकतात. मुस्तुम म्हणजे आंबणे थांबवलेला द्राक्षांचा शुद्ध रस. रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २००३ च्या पत्रात हे स्पष्ट केले आहे. जिथे वेदीवरच्या पेल्याबाबतही एका दुर्बळ माणसाचा विचार होतो, तिथे सहलीच्या टेबलावर आम्हाला तो करता आला नाही!

माझा दोष पिण्यात नव्हता. मामांना आग्रहाने नेले आणि त्यांच्यासाठी जागा मात्र ठेवली नाही, हा माझा दोष. दुसरा पेला ठेवला गेला तेव्हा "राहू दे रे, मामांना सरबत आण" एवढे म्हणायला मला किती वेळ लागला असता?

नाताळात आपल्या घरोघरी वाईन असते. लग्नात, बारशाला, सणाला पेले भरले जातात. आनंद जरूर करावा. पण कुणी पेला बाजूला सरकवला, तर कारण विचारू नये आणि तो पुन्हा पुढे ठेवू नये. त्या साध्या हालचालीमागे कदाचित आठ वर्षांची झुंज असेल.