सब्र कोणी करायचा?

एखाद्या घरावर संकट कोसळले की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'सब्र'. मय्यतीच्या घरी, जळालेल्या दुकानापुढे, पुराच्या चिखलात उभे राहून आपण हाच शब्द बोलतो. शब्द मोलाचा आहे, याविषयी दुमत नाही. पण तो दुसऱ्याला केव्हा सांगायचा आणि स्वतः केव्हा करायचा, हा प्रश्न आम्हाला आठवीतल्या एका मुलामुळे पडला.

2021 साली बकरी ईद 21 जुलैला होती. दुसऱ्याच दिवशी पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. ईदचे कपडे अजून दांडीवर होते, कुर्बानीचे गोश्त फ्रीजमध्ये होते. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकले. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. ज्या मोबाईलवर मुले शिकत होती, तो मोबाईलही कित्येक घरांत पाण्यात गेला. 4 ऑक्टोबरला शहरात आठवीपासूनचे वर्ग भरू लागले, तोवर मुले अडीच महिने तो पूर मनात घेऊन बसली होती.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी ढग गडगडले. एका मुलाने आपले दप्तर जमिनीवरून उचलून बाकावर ठेवले. मग शेजारच्याने ठेवले. पाहता पाहता साऱ्या वर्गाची दप्तरे बाकांवर गेली. कोणी कोणाला काही सांगितले नव्हते. मधल्या सुट्टीत तो पहिला मुलगा डोळे भरून जवळ आला. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "रोते नहीं बेटा, सब्र करो." तो गप्प झाला. आम्हाला वाटले, समजूत पटली. वास्तविक आम्ही त्याचे तोंड बंद केले होते. पुढे कित्येक दिवस तो वर्गात बोललाच नाही.

मग त्याची अम्मी शाळेत आली. म्हणाली, "सर, रात्री दिवा मालवू देत नाही. पाऊस आला की दादीला उठवून माडीवर न्यायला बघतो." त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्याजवळ नुसते बसलो. काही विचारले नाही. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "सर, पानी मेरी वजह से आया क्या?" मोहल्ल्यात कोणीतरी त्याच्यासमोर बोलले होते की हा आपल्या गुनाहांचा अजाब आहे. आणि तो तर त्या दिवसांत नमाज चुकवून मोबाईलवर खेळत असे. साऱ्या शहराचा पूर तेरा वर्षांच्या त्या पोराने एकट्याच्या माथ्यावर घेतला होता!

बी.एड.ला शिकलेले बालमानसशास्त्र तेव्हा थोडे कामी आले, पण त्याहून अधिक कामी आली ती लहानपणी ऐकलेली एक गोष्ट. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, तेव्हा ते रडले. लोकांना नवल वाटले, तर हे अश्रू म्हणजे रहमत आहे असे त्यांनी समजावले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला, असे लोक बोलू लागले. पैगंबरांनी ते साफ नाकारले; कोणाच्या जगण्या-मरण्यामुळे ग्रहण लागत नाही, असे सांगितले. स्वतःच्या दुःखाच्या घडीलाही त्यांनी ना अश्रू अडवले, ना निसर्गाच्या घटनेचा संबंध कोणा माणसाशी जोडू दिला. मग आपण लेकरांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी का करतो? सुंदर सब्र करणारे म्हणून ज्यांचा दाखला देतो, ते हजरत याकूब (अ.) तर यूसुफच्या विरहात डोळे जाईपर्यंत रडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर सह्याद्रीपासून दाभोळच्या खाडीपर्यंत वाशिष्ठी काढली. डोंगरातली अतिवृष्टी, पात्रात साचलेला गाळ, समुद्राची भरती सगळे मांडले. प्रत्येकाने आपले घर दाखवले. पुन्हा पाणी आलेच तर कोणी कुठे जायचे, कागदपत्रे कुठे ठेवायची, हे मुलांनीच ठरवले. त्या मुलाने खडू हाती घेतला आणि उंचावरची घरे रंगवली. एका तासात भीती गेली असे नाही. पण भीतीला काम मिळाले.

एवढे कळले की मुलाला बोलते करण्यासाठी खोदू नये आणि बोलू लागले तर थांबवू नये. झोपेची, जेवणाची, अभ्यासाची वेळ पुन्हा लावावी, घरातले एखादे छोटे काम सोपवावे, खेळू द्यावे. बहुतेक मुले अशाने हळूहळू सावरतात. महिना उलटूनही झोप, जेवण, बोलणे बिघडलेलेच राहिले तर डॉक्टरांकडे जाण्यात लाज नाही. टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. मनाचा इलाज करणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे.

मुले आपल्या शब्दांपेक्षा आपल्या चेहऱ्याकडे अधिक पाहतात. बुडालेल्या दुकानाचा राग अब्बा घरात काढत असतील, चिखल उपसून थकलेल्या अम्मीला कोणी "तू कशी आहेस?" असे विचारत नसेल, तर मुलाने सब्र शिकायचा कोणाकडून? पंचनाम्यासाठी कचेरीत खेटे घालणे, नदीतल्या गाळाचा प्रश्न लावून धरणे, शेजारणीच्या घरी डबा पोहोचवणे, हाही सब्रच आहे. तो मोठ्यांनी करायचा आहे.

त्या मुलाला आम्ही 'सब्र करो' म्हणालो, तेव्हा खरे तर त्याचे रडणे आम्हालाच सोसवत नव्हते. सब्राची गरज होती ती आम्हाला.