पुस्तक मिटल्यावर

बसा. अभ्यासिकेतली खुर्ची असो, घरातली चटई असो, नाहीतर लोकलमधली खिडकीची जागा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा म्हटलं तर जमणार नाही, म्हणून निदान पालथा ठेवा. एक श्वास सावकाश आत घ्या आणि तेवढ्याच सावकाश सोडा. आज आपल्याला फक्त चारच गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातले चार तह. सुरतचा, १७७५. पुरंदरचा, १७७६. वडगावचा, १७७९. सालबाईचा, १७८२.

एकदाच वाचा. परत एकदा नजर फिरवावीशी वाटेल. ती ओढ ओळखा आणि तशीच राहू द्या. आता डोळे मिटा. चारही तह सालांसकट मनात म्हणा. कोणी घाई करत नाहीये.

बहुतेकांचं असं होतं, की सुरत येतं, पुरंदर येतं, सालबाई हे नाव जरा वेगळं म्हणून तेही येतं. मधलं काहीतरी सांडतं. किंवा नाव येतं पण साल येत नाही. अठ्ठ्याहत्तर की त्याच्या आगेमागे? डोळे किलकिले होतात, नजर पानाकडे वळायला लागते.

इथेच थांबा. जे आठवत नाही, त्याच्यापाशी जरा बसा. ओठांवर आहे, बाहेर येत नाही. छातीत बारीकशी चुळबुळ होते, आणि तिला आपण लगेच नाव देऊन मोकळे होतो, ‘माझं डोकंच चालत नाही’. आज ते नाव देऊ नका. वीज गेल्यावर फडताळात काडेपेटी शोधताना हात चाचपडत फिरतो, तसं आत काहीतरी फिरतं आहे. फिरू द्या. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. आलं तर उत्तम, नाही आलं तर मग खुशाल पान बघा. बघितल्याबरोबर आतून एक ‘अरे हो!’ उमटेल. नुसतं पुन्हा वाचलं असतं तर हे ‘अरे हो’ मिळालं नसतं.

मला हे उशिरा कळलं. बारावीला मी इतिहासाची अख्खी वही तीनदा उतरवून काढली होती. वळणदार अक्षर, लाल शाईच्या रेघा. पेपरात नेमका पाठ केलेला प्रश्न आला आणि डोळ्यांसमोर पान उभं राहिलं. डावीकडचं पान, वरचा कोपरा, लाल रेघ. रेघेच्या वर काय लिहिलं होतं तेवढंच दिसेना. उतरवताना मी लिहीत होतो, आठवत नव्हतो.

जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्या ओळखीचा असतो, नाव विचारलं की पंचाईत होते. चौथ्यांदा वाचलेल्या धड्याशी आपली अशीच ओळख असते. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या परीक्षा पाच मिनिटांनी नसतात. तरी पुन्हा वाचताना ओळी रंगवायच्या पिवळ्या-गुलाबी हायलायटरांचा मोह काही सुटत नाही.

आता जरा मागे जा. तिन्हीसांजेची वेळ, देवापाशी दिवा लागलेला. शुभंकरोती झालं की परवचा. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. तुमच्या घरी ते नसेल झालं, पण आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. पोरांच्या रांगेचा तो एकसुरी आवाज कानात आणा. घोकंपट्टी म्हणून आपण तो मोडीत काढला, आणि अर्थ न समजता रेटलेल्या पाठांतराचा मलाही कंटाळाच आहे. पण त्या आवाजाकडे नीट कान द्या. कोणाच्याही हातात पुस्तक नाही. तेरा सत्ते म्हटल्यावर कोणी अडखळलं तर सगळ्यांना ऐकू येतं. आणि मध्ये एक अख्खा दिवस गेलेला आहे, खेळण्यात, भांडणात, जेवणात.

तो मधला दिवस महत्त्वाचा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरला, आणि विसरण्याचा हिशेब ठेवला. १८८५ साली त्याचं पुस्तक आलं. तासाभराने तीच यादी पुन्हा पाठ करायला त्याला मूळच्या निम्म्याहून जास्त कष्ट पडत. महिन्याने पडत ते साधारण चार-पंचमांश. म्हणजे गळती होते ती सुरुवातीला, भराभर, नंतर ती मंदावते. आणि एकाच दिवशी रेटून केलेल्या आवर्तनांपेक्षा तीन दिवसांत वाटलेली कमी आवर्तनं पुरतात, हेही त्याला दिसलं.

त्याच्या याद्यांना अर्थ नव्हता. आपल्या यादीला आहे. पुन्हा डोळे मिटा आणि सावकाश चालत जा. रघुनाथरावांना पेशवाई हवी आहे. ते मुंबईकर इंग्रजांशी सौदा करतात, साष्टी आणि वसई देऊ करतात. हे झालं सुरत. कलकत्त्याच्या इंग्रजांना हा परस्पर कारभार रुचत नाही, ते पुण्याच्या कारभाऱ्यांशी वेगळा तह करतात. हे पुरंदर. मुंबईकर तरीही ऐकत नाहीत. रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढतात, बैलांकरवी तोफा ओढत तळेगावपर्यंत येतात. पुणं हाकेच्या अंतरावर आहे, पण पुढे मराठी फौज आहे. रात्री माघार सुरू होते, आणि सकाळी ते चहूबाजूंनी कोंडले गेलेले असतात. जानेवारीची थंडी आहे. हे वडगाव. आजही पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल तळेगाव सोडलं की वडगावला थांबते. शेवटी महादजी शिंदे मध्ये पडतात, आणि ग्वाल्हेरजवळच्या सालबाईत प्रकरण मिटतं.

मघाशी सांडलेला तह आता सांडतो का बघा. त्याच्या मागे माणूस उभा आहे, घाट आहे, रेल्वे स्टेशन आहे. चाचपडणाऱ्या हाताला धरायला काहीतरी मिळालं.

डोळे उघडा. आज याहून जास्त नको. रात्री झोपताना एकदा अंधारातच म्हणा, आणि मग खरोखर झोपा. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते. उद्या चहा उकळेपर्यंत एकदा. मग तीन-चार दिवसांनी, जरा धूसर झाल्यावर. प्रत्येक वेळी आधी आठवायचं, नंतर पान.

आणि जाता जाता, वर न बघता सांगा. वडगावचा तह कोणत्या साली झाला?