दुसरा अंगरखा

घराला रंग लागतो, फराळाचे डबे भरतात, गव्हाणीच्या देखाव्यासाठी गवत जमविले जाते, आणि आगमनकाळाचे चार रविवार केव्हा सरले हे उमगतही नाही. २०२३ साली नाताळ सोमवारी आला, तेव्हा हा काळ अवघा २२ दिवसांचा होता.

बाह्य तयारी व आत्मिक तयारी अशी फारकत आपण करतो. मला ती फारकतच खोटी वाटते. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? तो तेथे उपास सांगत नाही. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा; जकातदाराने ठरल्याहून अधिक घेऊ नये; शिपायाने पैसा उकळू नये, पगारात तृप्त असावे. धंदा सोडा, असेही तो म्हणत नाही!

आपण लगेच जुन्या कपड्यांचे गाठोडे बांधतो. पण तो अंगरखा फाटका होता, असे कोठे लिहिले आहे? नव्या कपड्यांसाठी कपाटात जागा करणे हे दान की सोय?

जकातदाराला दिलेले उत्तर याहून अवघड आहे. देण्यापूर्वी, आपण कोणाचे घेऊन तर बसलो नाही ना? भावाच्या शेतात हातभर सरकविलेला बांध, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे आजारपणातील खाड्याचे कापलेले पैसे. हे नुसत्या प्रार्थनेने फिटत नाही. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले, तेव्हा प्रभूने त्याच्या घरी तारण आल्याचे सांगितले.

म्हणून त्या बाईचे पैसे नाताळची भेट म्हणून करंज्यांच्या ताटात ठेवू नका. हिशेब सांगून तिच्या हाती द्या.