पाचवे शील आणि कल्याणमित्र



विहारात पाचवे शील म्हणताना तुमचा आवाज खाली जातो का? दारू न पिण्याची प्रतिज्ञा आठवली की मान झुकते का? मग हे तुमच्यासाठीच आहे.

स्वयंप्रकाशित व्हा, असे तथागतांनी सांगितले. म्हणून दारू स्वतःच्याच बळावर सोडावी, मदत मागणे कमीपणाचे, असे आपल्याला वाटते. पण कल्याणमित्र म्हणजे अर्धे धम्मजीवन, असे आनंद म्हणाले तेव्हा तथागतांनी त्यांना दुरुस्त केले: अर्धे नव्हे, संपूर्ण. चालायचे आपणच, पण सोबतीने.

१९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन यांना, दारू सोडून काही महिने झाले असताना, पुन्हा पिण्याची ओढ लागली. त्यांनी फोन करून करून आपल्यासारखाच एक मद्यपी शोधला, डॉ. बॉब स्मिथ. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. तिथला ईश्वराचा उल्लेख खटकत असेल, तर बौद्ध विचारांवर चालणाऱ्या ‘रिकव्हरी धर्म’च्या सभा आहेत.

रोज भरपूर पिणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना भेटावे. एकदम सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते.

शील मोडले तर ते पुन्हा घेता येते. लपवले तर सावरता येत नाही. आज एका माणसाला खरे सांगा. आणि तुम्हाला कोणी असे सांगितले, तर उपदेश नको. रात्री त्याचा फोन उचला.