बर्फातली वाट कोणाची?

न मागता हाती आलेला दिवस कोणाचा, हा प्रश्न दिसायला लहान आहे. पण विचार करू गेल्यास मोठा आहे. आपल्याकडे ओढ्याला पूर आला, एस. टी. अडली, म्हणजे असा दिवस मिळतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात तो बर्फामुळे मिळतो. वाचकांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत. तेव्हा ही गोष्ट परकी म्हणून सोडून देण्याचे कारण नाही.

बोस्टन शहराचेच पाहा. 1978 च्या फेब्रुवारीत 6 व 7 तारखांस तेथे 27 इंचांहून थोडा अधिक बर्फ पडला. 128 क्रमांकाच्या हमरस्त्यावर 3,000 हून अधिक गाड्या जागच्या जागी रुतल्या. गव्हर्नरांनी राज्याच्या पूर्व भागात मोटारी चालविण्यास बंदी केली, ती सुमारे आठवडाभर राहिली. माणसे दगावली, घरे पडली. परंतु त्याच आठवड्यात लोक भर रस्त्यातून पायी चालले, घसरगाडीवर वाणसामान ओढून आणले, आणि शेजारी कोण राहतो हे कित्येकांना प्रथम कळले! पुढे 2014-15 च्या एका हिवाळ्यात तर 110 इंचांवर बर्फ पडून शहराचा जुना उच्चांक मोडला.

अशा दिवशी शाळा बंद. मुले उतारावर घसरगुंडी खेळतात. घरात चुलीवर काही ना काही शिजत असते. पण तेथील नियमाप्रमाणे वर्षाचे 180 दिवस शाळा भरलीच पाहिजे. म्हणून हा दिवस बहुधा जूनमध्ये भरून द्यावा लागतो. म्हणजे ही सुट्टी दान नव्हे, उसनवारी आहे. आणि मोठ्यांना तर सुट्टी कसली? त्यांच्या हाती फावडे.

बर्फ थांबल्यापासून तीन तासांत घरापुढचा फूटपाथ मोकळा करावा, असा त्या शहराचा नियम आहे. वाट किती रुंद? निदान 42 इंच, म्हणजे साडेतीन फूट. अपंगाची चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी जावी, हा त्यातील हिशेब. पूर्वी मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांचे म्हणणे असे की, आपोआप पडलेल्या बर्फावर कोणी घसरला तर घरमालक जबाबदार नाही. 'आभाळातून पडले, मी काय करू?' हे उत्तर शंभरावर वर्षे चालले. 2010 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढले. दारात पडले ते कोणी का पाडले असेना, काळजी घेणे तुमच्याकडे आले.

आता दुसरे दृश्य. फूटपाथ झाला की तोच मनुष्य रस्त्याकडेची आपली मोटार उकरतो. बर्फ लोटणारे सरकारी यंत्र येऊन उकरलेले पुन्हा तिच्यावर लोटते; हा पुन्हा उकरतो. दोन तासांनी कंबर धरून तो मोटार बाहेर काढतो आणि मोकळ्या जागेत एक मोडकी खुर्ची ठेवून जातो. कोणी कचऱ्याचा डबा ठेवतो, कोणी इस्त्रीचे टेबल. अर्थ एकच : ही जागा माझी!

आपल्याला हसू येईल. आपणही एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतोच की! परंतु अन्याय करू नये. रुमाल टाकणाऱ्याने घाम गाळलेला नसतो. याने गाळलेला आहे. रात्री थकून परत यावे आणि आपण उपसलेल्या जागेत आयता आलेल्याची गाडी उभी दिसावी, यात दुःख खरे आहे. म्हणून शहरानेही हिम-आणीबाणी संपल्यावर 48 तासांपर्यंत ही खुर्ची चालवून घेतली आहे.

तर मग बिघडले कोठे? बिघडले ते असे, की त्याने जागा निर्माण केली नाही. झाकलेली उघडी केली. रस्ता बर्फाखाली होता तेव्हाही सर्वांचाच होता. श्रमाचा मोबदला म्हणून थोडी सवलत मिळावी, हे योग्य. परंतु बर्फ वितळतो आणि खुर्ची उठत नाही. श्रम सरतात, 'माझे' मागे उरते. खुर्ची हलविली म्हणून दुसऱ्याच्या गाडीचे टायर फाडल्याचे प्रकारही तेथे घडले आहेत.

यावर कोणी म्हणेल, 'ज्याने त्याने आपली जागा उपसावी, म्हणजे भांडणच नको.' हे ऐकायला गोड आहे. पण अहो, जड बर्फ उपसताना वृद्धांची हृदये बंद पडतात, हे डॉक्टर दर हिवाळ्यात बजावतात. ज्याला उपसता येत नाही त्याला जागाच नाही, असे म्हणायचे काय? आणि घरोघर जाऊन आजाऱ्यांना औषध देणारी परिचारिका दुसऱ्या वस्तीतून येते. तिने या गल्लीत काहीच उपसलेले नाही. खुर्च्यांच्या रांगेत तिने गाडी कोठे लावावी? आत अंथरुणावर पडलेली म्हातारी तिची वाट पाहत असते. खुर्ची तिचीही वाट अडवते. त्याच शहरातील साउथ एंड वस्तीने ही चालच बंद केली आहे.

आता एक गंमत ध्यानात घ्यावी. एकाच सकाळी, एकाच फावड्याने, एकच मनुष्य दोन वाटा काढतो. साडेतीन फुटी वाटेवर तो खुर्ची ठेवीत नाही. आगीच्या बंबासाठी असलेला नळ उकरतो, त्यावरही ठेवीत नाही. तेथे घाम तोच. पण कोण आले, कोण गेले, याचा हिशेब नाही, म्हणून रात्री झोप शांत लागते. दुसऱ्या जागेपायी मात्र दिवसभर खिडकीत डोळा! श्रम बांधीत नाहीत. श्रमावर ठेवलेली खुर्ची बांधते.

वारकऱ्याला हे फार सांगायला नको. वाटेवरचा काटा उचलणारा ती वाट आपल्या नावावर करून घेत नाही. मागून येणाऱ्याचा पाय वाचला, एवढेच त्याचे.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर मुलगा म्हणाला, 'आज बर्फाची सुट्टी', तर त्याला दोनच गोष्टी सांगाव्यात. बाबा, छातीत कळ आली तर फावडे खाली ठेव. आणि जमत असेल तर आपली गाडी काढून झाल्यावर शेजारच्या म्हातारीची पायरीही मोकळी कर. खुर्ची ठेवायचीच असली, तर तिच्या अंगणात ठेव. तिला उन्हात बसायला होईल.