टप्प्याटप्प्याने

अमेरिकेत जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत एक पायवाट जाते, ॲपलाचियन ट्रेल. चौदा राज्यं, जवळपास ३,५०० किलोमीटर. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली कल्पना मांडली, १९३७ साली वाट पूर्ण झाली.

सलग चालायची तर पाच-सहा महिने लागतात. नोकरी, मुलं, म्हातारे आईवडील सांभाळणाऱ्यांना ते कुठून जमायचं? म्हणून कितीतरी नवरा-बायको ती तुकड्यातुकड्यांनी चालतात. यंदाच्या सुट्टीत व्हर्जिनियातला एक टप्पा, पुढच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे. मला तर हेच चालणं जास्त आवडतं.

वाट अरुंद, एकामागे एकच जावं लागतं. पुढच्याने वाट दाखवणारा झाडावरचा पांढरा पट्टा शोधायचा, सहा इंच उंच, दोन इंच रुंद. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आलं समजायचं. मागच्याला दिसते जोडीदाराची घामेजलेली पाठ. घरात समोरासमोर बसून जो विषय वर्षानुवर्षं निघाला नाही, तो इथे सहज निघतो, कारण कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नसतं. तंबू एकाकडे, चूल आणि शिधा दुसऱ्याकडे. एकाचा गुडघा धरला की दुसरा न बोलता त्याची पाण्याची बाटली आपल्या सॅकमध्ये टाकतो.

सगळे टप्पे पुरे झाले की संपूर्ण वाट चालल्याची नोंद अशा तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्यांचीही होते. मग त्याला वीस वर्षं का लागेनात!